राणीच्या बेटावर दोन विहिणी

अमेरिकेहून परत आल्यापासून सांगलीत मला जो भेटतो तो एकच विचारतो, "नायगारा पाहिलात का?" नाही पाहिला. न्यूयॉर्कचा पुतळाही नाही पाहिला आणि डिस्नेची ती उंदरांची नगरीही नाही. मी पाहिलं ते अटलांटिक महासागराच्या काठचं एक बेट, तिथली घामाघूम झालेली इंग्लंडची राणी आणि माझ्या विहीणबाईंची पाठ. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त पाहिली, कारण त्या सहलीत आम्ही दोघी एकाच पलंगावर झोपत होतो. ज्यांना नायगारा हवा असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं प्रवासवर्णन वाचावं.

मॉरिसव्हिल

आमची वृंदा आणि जावई सुहास उत्तर कॅरोलायना राज्यात मॉरिसव्हिल नावाच्या गावी राहतात. गाव म्हणजे काय, तर रेल्वेचे रूळ, एक पोस्ट आणि नजर जाईल तिथवर पाइनची झाडं. जवळच मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत, त्यांपैकी एकीत सुहास नोकरी करतो. मी १९८७ च्या जूनमध्ये तिथे पोचले. सुहासची आई त्याच महिन्यात आली. दोघींना एकाच वेळी बोलावण्याची अक्कल कुणाची, असं मी विचारलं, तेव्हा नवराबायकोंनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

विहीणबाई रेवदंड्याच्या. समुद्राकाठचं घर, मासळीशिवाय घास उतरत नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. लग्नाच्या वेळी मी काही आडकाठी केली नाही. मुलगा हुशार, निर्व्यसनी आणि वृंदाला आवडलेला. वृंदा स्वतः खात नाही, असं ती सांगते. पण नात झाली आणि ती कुणाच्या वळणावर जाणार हा प्रश्न उभा राहिला. अदिती आता सात वर्षांची आहे. मी तिची सांगलीची आजी आणि त्या रेवदंड्याची आजी.

विहीणबाईंचं म्हणणं असं, की मुलगी आमच्या घराण्यातली आहे, आमच्या गौरीलासुद्धा तिखटाचा नैवेद्य लागतो, कोलंबीचं कालवण दाखवलं नाही तर ती रुसते. हे ऐकून मला भोवळ यायचीच बाकी राहिली. गौर आमच्याकडेही येते आणि निमूट पुरणपोळी खाते. तिच्याबद्दल असं काही ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

विहीणबाई येता-जाता पोरीच्या बरगड्या चाचपायच्या, "नुसत्या वरणभातावर कशी वाढणार ही?" म्हणायच्या आणि भाताच्या ढिगाखाली तळलेली तुकडी सरकवायच्या. मग मी तरी गप्प कशी बसणार? जेवण झालं की मी अदितीला हाक मारायची आणि तिचे हात हुंगायचे. माझं नाक फार तीक्ष्ण आहे. मुलींच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, मधल्या सुट्टीत कुणी चिंच खाऊन आलं तर फळ्याकडे तोंड असतानाही मला कळायचं. पुढे पुढे अदितीला इतकी सवय झाली, की जेवून उठल्यावर ती साबणाने हात चोळचोळून धुवायची आणि मी न बोलावता माझ्यासमोर उभी राहून दोन्ही तळवे पुढे करायची.

जुलैच्या अखेरीस ती आमच्यासमोर जेवेनाशी झाली. ताटावर बसायची, एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची आणि म्हणायची, "आय ॲम नॉट हंग्री." सकाळी वाडगाभर सीरिअल आणि दूध घ्यायची, की त्यावर सगळा दिवस. वृंदा तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. वजन उन्हाळ्याच्या आधीपेक्षा कमी भरलं. असंच चालू राहिलं तर शाळा सुरू होण्यापूर्वी हॉस्पिटलात ठेवून तपासण्या कराव्या लागतील, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर वृंदा ओट्याला टेकून रडली. "आई, प्लीज, तुम्ही दोघी काहीतरी करा गं. तुम्ही यायच्या आधी सगळं ओके होतं. ती नीट जेवायची."

मी म्हटलं, "तुझ्या सासूबाईंना सांग."

विहीणबाई पलीकडून म्हणाल्या, "वृंदा, तुझ्या आईला सांग."

आमचं बोलणं तेव्हा असं वृंदामार्फतच चालायचं. स्वयंपाकघर एक, मध्ये अंतर चार हातांचं.

तोडगा सुहासने काढला. "समुद्रावर जाऊ यार, चार दिवस. अदितीला चेंज होईल. सगळे जरा रिलॅक्स होऊ." हा माणूस आईलाही यार म्हणतो आणि सासूलाही. मी म्हटलं, घरात जेवत नाही ती पोर समुद्रावर कशी जेवेल? पण वृंदाचा चेहरा बघून गप्प बसले.

रस्ता

अमेरिकेत सहलीला निघताना बर्फ घालून अन्न ठेवायची एक जाड पेटी बरोबर घेतात, तिला कूलर म्हणतात. माणसं कितीही असोत, पेटी एक पुरते. आमच्या गाडीत दोन होत्या. लाल रेवदंड्याची, निळी सांगलीची. निळीला मी वरून सुतळी बांधली. शिवाय माझी स्वतःची लोखंडी कढई होती. ती मी सांगलीहून साडीत गुंडाळून नेली होती आणि परक्याच्या भांड्यात शिजवायला नको म्हणून समुद्रावरही घेतली. विहीणबाईंनी ती गाडीत ठेवताना पाहिली आणि तोंडाला पदर लावला. हसल्या, दुसरं काय!

सुहासची गाडी ठरलेल्या वेगाच्या वर तसूभर जात नाही. मागचे ट्रक भोंगे वाजवतात, शेजारून म्हाताऱ्या बायका पुढे निघून जातात, आणि हा "रूल इज रूल" म्हणत एका हाताने नकाशा उलगडतो. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं होती. चार घरांमागे एक चर्च, पुढच्या चार घरांमागे दुसऱ्या पंथाचं, आणि त्याच्या समोर पहिल्याच पंथाचं पण आतून फुटलेलं तिसरं. प्रत्येकाच्या दारात पाटी, आणि पाटीवर समोरच्याला ऐकू जाईल असा मजकूर. मी म्हटलं, सोळाव्या शतकात भांडायला सुरुवात केली, अजून यांचं संपलेलं नाही.

"सोळाव्या शतकात काय झालं?" अदितीने विचारलं. ती आम्हा दोघींच्या मध्ये बसली होती.

विषय माझ्या आवडीचा, आणि आम्ही चाललो होतो ते बेटही त्याच गोष्टीतलं. मी सांगायला घेतलं. इंग्लंडात एलिझाबेथ राणी होती. शेजारी स्कॉटलंडात तिची भाऊबंद मेरी राणी. एलिझाबेथ नव्या पंथाची, मेरी जुन्या, रोमच्या पोपला मानणाऱ्या पंथाची. मेरीला तिच्या सरदारांनी गादीवरून ओढून काढलं. ती पळून एलिझाबेथच्या आश्रयाला आली, आणि एलिझाबेथने तिला एकोणीस वर्षं कैदेत ठेवलं. एवढ्या काळात दोघींनी एकमेकींना पत्रं लिहिली, पण एकदाही समोरासमोर भेटल्या नाहीत. शेवटी एलिझाबेथने मेरीच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही केली. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिची माणसं जहाजातून त्या बेटावर वस्ती करायला आली. बायकामुलांसकट आली आणि सगळीच्या सगळी नाहीशी झाली.

वर्गात मी नेहमी एलिझाबेथची बाजू घेत असे. बाई व्यवहारी. लोकांनी रविवारी प्रार्थनेला यावं, त्यांच्या मनात काय चाललंय ते डोकावून पाहायचं नाही, असं तिचं धोरण. पुढे तिलाही ते पाळता आलं नाही, पण परीक्षेत ते लिहिलं तर मी पूर्ण मार्क देत असे.

"पण भांडण कशावरून होतं?" अदितीने विचारलं.

"गादीवरून. आणि मेरीला एक मुलगा होता, जेम्स. दहा महिन्यांचा असताना आईला तो शेवटचा दिसला. आईने त्याला जुन्या पंथाचा बाप्तिस्मा दिला, सरदारांनी नव्या पंथात वाढवला."

"तो कुणाच्या साइडला होता?"

"लहान होता तो. त्याला कोण विचारतंय?" मी म्हटलं. अदिती खिडकीबाहेर बघत राहिली.

वाटेत एका टपरीवर उकडलेल्या शेंगा विकायला होत्या. अमेरिकेत उकडलेल्या शेंगा! माझा विश्वास बसेना. आपल्याकडे खातात तशाच मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, फक्त त्यांना खारट किती करावं याचं भान नाही. सुहासने मोठा पुडा घेतला. अदितीने हात घातला आणि एकामागून एक सोलून खायला लागली. वृंदाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. विहीणबाईंनीही पाहिलं. आम्ही दोघींनी नेमकं त्याच क्षणी "अजून घे ना बाळा" म्हटलं, आणि अदितीने हातातली शेंग पुड्यात परत टाकली. मला स्वतःच्या जिभेचा असा राग आला म्हणून सांगू!

बेट

भाड्याचं घर खांबांवर उभं होतं, खालून वाळू आणि डास. खोल्या दोन. एक वृंदा, सुहास आणि अदितीला. दुसरीत आम्ही दोघी, आणि पलंग एकच. "किंग साइज आहे आई, प्रॉब्लेम नाही येणार," जावई म्हणाला. विहीणबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या, त्या मिनिटभरात घोरायला लागल्या.

पहिल्या संध्याकाळी जेवायला बंदरावरच्या हॉटेलात गेलो. छताला जाळी, भिंतीवर मेलेले मासे, यादीत मासे, हवेत मासे. मी टेबलाच्या टोकाला, सगळ्यांकडे अर्धी पाठ करून बसले. माझ्यासाठी उकडलेला बटाटा आणि कोबी मागवला. तेवढ्यात वाढणाऱ्या मुलीने टोपलीभर गोल भजी आणून ठेवली. मक्याच्या पिठाची, कांदा घातलेली, गरमागरम. हश पपी म्हणतात त्यांना. नाव काही का असेना, दीड महिन्यात पहिल्यांदा जिभेला तरतरी आली. आपल्या भज्यांची चुलत बहीणच! मी निम्मी टोपली संपवली आणि आणखी मागवली.

"आई, तुम्हाला आवडली ना?" सुहास खूश झाला. "फिशच्याच तेलात तळतात ना, म्हणून तो फ्लेवर येतो."

वृंदाने त्याला टेबलाखालून लाथ मारली असावी, कारण तो कळवळला. मी हातातलं भजं खाली ठेवलं. मी अदितीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. "यू वेअर सो हॅपी, आजी."

आणि तेव्हा विहीणबाई पहिल्यांदा वृंदाला मध्ये न घालता माझ्याशी बोलल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण आवाज साखरेचा. "तुम्हाला सर्दी झाली असणार, विहीणबाई. एरवी तुमच्या नाकातून हे सुटलं असतं होय?"

मला काही सर्दीबिर्दी नव्हती. तिथे सगळ्यालाच तो वास, नाक करणार काय? पण त्या बाईने मला पळवाट दिली होती, ती घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "असेल," मी म्हटलं. घरी येऊन चार वेळा चूळ भरली.

दुसरा दिवस कढईचा. सुहास सकाळी धक्क्यावरून ताजी मासळी घेऊन आला. विहीणबाईंनी पिशवीत पाहिलं आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अरे, हे तर आपलं बोईट!" सातासमुद्रापार माहेरचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी कौतुकाने नाही, तरी कुतूहलाने तेवढा बघितला आणि अंघोळीला गेले. बाहेर आले तर त्या घरातल्या एकुलत्या एक तव्यावर काही तुकड्या होत्या आणि उरलेल्या माझ्या कढईत चुरचुरत होत्या. समोर सुहास, हातात झारा.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की आवाज वाळूपर्यंत गेला, कारण शेजारच्या घरातला अमेरिकन म्हातारा "एव्हरीथिंग ऑलराइट?" विचारत आला. विहीणबाई म्हणाल्या, "मी कुठे सांगितलं त्याला कढई घ्यायला? मी नुसतं म्हटलं, तवा पुरत नाही." सुहास गयावया करत होता, "आई, सॉरी, मी स्वच्छ धुतो, डबल वॉश करतो." धुऊन काय होणार होतं! अदिती दार ओढून घेऊन खोलीत जाऊन बसली होती. मी उपास जाहीर केला आणि बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने विहीणबाई शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. समुद्राकडे बघत म्हणाल्या, "गाडीत गोष्ट सांगत होतात, ती नीट कळली नाही मला. ते दोन पंथ भांडत कशावरून होते?"

रागात असले तरी शंका विचारली की मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "बऱ्याच गोष्टी होत्या. पण एक मोठी म्हणजे प्रार्थनेतला पाव. जुने म्हणत, मंत्र म्हटला की पाव खरोखर देवाचं शरीर होतो. नवे म्हणत, पाव तो पावच, नुसती आठवण."

"आणि एवढ्यावरून माणसं मारली?"

"मारली काय, जिवंत जाळली. दोन्ही बाजूंनी माणसं गेली."

"पावावरून."

"हो."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "आणि तुमची कढई?"

"ती गोष्ट वेगळी आहे," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. कशी वेगळी, ते त्यांनी विचारलं नाही, आणि बरं झालं.

बाग

तिसऱ्या दिवशी राणीच्या काळातली म्हणून सजवलेली बाग बघायला गेलो. काटेकोर कापलेली झुडपं, पांढरे पुतळे, ऑगस्टचं ऊन आणि डास असे की कोल्हापूरचे डास सभ्य वाटावेत. एका झाडाखाली एलिझाबेथ राणी उभी होती. म्हणजे राणीचं सोंग घेतलेली बाई. लाल केसांचा टोप, गळ्याभोवती झालरीचं पांढरं चक्र, खाली घेरदार मखमल. घामाने तोंडाची पावडर ओघळत होती. मुलं पुढे होऊन गुडघे वाकवत होती आणि ती त्यांना राजेशाही इंग्रजीत आशीर्वाद देत होती.

अदितीने गुडघे वाकवले नाहीत. ती सरळ इंग्रजीत म्हणाली, "तू तुझ्या कझिनला का मारलंस?"

मला वाटलं, बाई आता गडबडेल. पण ती कच्ची नव्हती. छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी सही केली, हे खरं. पण तो कागद पाठवा असं मी म्हटलंच नव्हतं. माझ्या सेक्रेटरीने परस्पर पाठवला." इतिहासात एलिझाबेथने हीच सबब दिली होती. मी मनात पूर्ण मार्क दिले.

"काय म्हणते?" विहीणबाईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नाही. मी सांगितलं.

"म्हणजे मी कढईबद्दल म्हटलं तसंच," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी एकदम हसलो. कधी नव्हे ते.

राणीची जेवणाची सुट्टी झाली. तिने टोप काढून मांडीवर ठेवला, आमच्याच बाकावर येऊन बसली आणि कागदातलं सँडविच सोडलं. जवळच्या शाळेत शिक्षिका होती, उन्हाळ्यात राणी व्हायची. मीही शिक्षिका म्हटल्यावर मोकळी झाली. तिची आई जुन्या पंथाची, नवऱ्याची आई नव्यातल्या अशा पंथाची की तिथे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचाच नसतो. "माझ्या आईने गुपचूप स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं," ती म्हणाली. "सासूला कळलं. किती वर्षं आमच्या दारात आली नाही." मी हे विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

अदिती समोर उभी राहून सगळं ऐकत होती. "आणि त्या बाळाचं काय झालं?" तिने विचारलं.

"माझा मुलगा? आता चौदाचा आहे. रविवारी दुपारपर्यंत झोपतो."

"नाही. राणीचं बाळ. जेम्स."

"अच्छा, जेम्स!" बाई हसली. "त्याला सगळं मिळालं. आईचं स्कॉटलंड, आणि मी मेल्यावर माझं इंग्लंड. दोन्ही मुकुट."

"तो कुणाबरोबर जेवायचा?"

बाईचा घास तोंडातच थांबला. तिने जरा विचार केला. "आई कैदेत, मी लंडनला. वाढणारे नोकर असतील. पण जेवत असेल एकटाच."

अदितीने मान डोलावली. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. "हो," ती म्हणाली. "इट्स ईझियर."

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. काय कळलं तिला कोण जाणे, पण तिने सँडविचचा राहिलेला अर्धा भाग मोडून अदितीपुढे धरला. माझ्या नातीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग विहीणबाईंकडे पाहिलं. आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले.

"नो थँक यू," ती म्हणाली. "आय ॲम नॉट हंग्री."

पुलाच्या अलीकडे

चौथ्या दिवशी सामान भरून निघालो. सुहासने एक-दोन विनोद केले, कुणी हसलं नाही. मग गाडी आपल्या गोगलगायीच्या चालीने पुलाच्या दिशेने लागली. अदिती आमच्या मध्ये झोपली होती, डोकं माझ्याकडे, पाय विहीणबाईंच्या मांडीवर.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "काल ती राणी शेवटी काय म्हणाली, ते तुम्ही सांगितलंच नाहीत मला."

सांगितलं नव्हतं, कारण सांगवत नव्हतं. आता सांगितलं. अदितीने काय विचारलं, बाई काय म्हणाली, आणि अदिती त्यावर काय म्हणाली. शेवटचं वाक्यही मराठीत आणलं. "म्हणाली, तेच सोपं पडतं."

विहीणबाईंनी नातीच्या पावलांवर हात ठेवला. अंगठ्याने तिचा घोटा चोळत राहिल्या. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग एकाएकी पुढे वाकून लेकाला म्हणाल्या, "गाडी थांबव. भूक लागलीय."

"आई, अजून पुढे छान स्पॉट आहे, पूल क्रॉस केल्यावर..."

"इथेच थांबव म्हटलं ना!"

पुलाच्या अलीकडे गाड्या लावायची जागा होती. कडेला एक लाकडी टेबल, दोन्ही बाजूंना बाकं. विहीणबाईंनी लाल पेटी उचलून टेबलावर ठेवली. मी निळीची सुतळी सोडली आणि ती शेजारी ठेवली. एकीत तळलेलं बोईट आणि तांदळाच्या भाकरी, दुसरीत दशम्या, बटाट्याची भाजी, दहीभात. दोन्ही झाकणं उघडली. अशा टेबलाला मी जन्मात कधी हात लावला नसता. अदिती डोळे चोळत येऊन उभी राहिली आणि नेहमीसारखी एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागली.

"वाढायचं नाही हं," विहीणबाई मला म्हणाल्या. "मीही नाही आणि तुम्हीही नाही. तिचं ती घेईल."

"आणि बघायचंही नाही," मी म्हटलं.

आम्ही दोघी बाकावर उलट्या बसलो, टेबलाकडे पाठ करून. समोर बघण्यासारखं काय होतं? उभ्या गाड्या, कचऱ्याच्या पिंपावर दोन समुद्रपक्षी, काच पुसणारा एक माणूस. आम्ही त्या माणसाकडे इतकं टक लावून बघत होतो, की त्याने आम्हाला हात केला. वृंदा आणि सुहास पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले होते, इकडे यायची हिंमत त्यांना नव्हती.

मागे बराच वेळ काही नव्हतं. मग कागद सरकल्याचा आवाज आला. मग चावण्याचा.

"खातेय," विहीणबाई पुटपुटल्या.

"वळू नका."

"मी वळत नाही हो. ऐकतेय."

आम्ही दोघी ऐकत बसलो. माझा हात त्यांनी कधी धरला होता ते मला कळलं नाही.

थोड्या वेळाने अदिती टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. हात धुवायला तिथे नळ नव्हता. तिने सवयीने दोन्ही तळवे माझ्यापुढे केले. बोटं तेलाने चकाकत होती. तेल बटाट्याच्या भाजीचं असेल, नाहीतर बोईटाचं. नाकापासून ते हात वीतभर अंतरावर होते आणि शेजारी विहीणबाईंनी श्वास रोखून धरला होता.

मी ते हात हातात घेतले, पण वर नेले नाहीत. "मला सर्दी झालीय गं," मी म्हटलं. "काही वासच येत नाही."

अदितीने माझ्याकडे पाहिलं, मग रेवदंड्याच्या आजीकडे.

"होते हो तशी," विहीणबाई म्हणाल्या. "समुद्राचा वारा बाधतो काहींना."

अदितीने दोन्ही हात माझ्या पदराला खसाखसा पुसले. "आय ॲम स्टिल हंग्री," ती म्हणाली आणि टेबलाकडे पळाली.